नवतप्यातल्या मधमाशा

आमच्या विदर्भात मधपेटीचं वर्ष मे महिन्याच्या अखेरीस सुरू होतं, असं मी मानते. पुस्तकं फुलोऱ्यापासून सुरुवात करतात, कारण मध तिथे आहे. पण माशी पेटीत राहणार की उठून जाणार, हे ठरतं ते फुलोरा संपल्यावर. संत्र्याचा आंबिया बहार जानेवारी-फेब्रुवारीत येऊन गेलेला असतो. मोह वेचून झालेला असतो, कडुनिंबाला निंबोळ्या धरलेल्या असतात, करंजाखालचा सडाही विरळ होत गेलेला असतो. वावरं नांगरून उघडी पडलेली, पारा पंचेचाळिशीच्या वर. २५ मेच्या सुमारास नवतपा, म्हणजे नऊ दिवसांचं सगळ्यांत कडक ऊन, लागतो आणि तिथून मृगाचा पाऊस पडून चार फुलं दिसेपर्यंत माशीच्या नशिबी वणवण असते.

२० मे हा जागतिक मधमाशी दिन. अंतोन यान्शा या अठराव्या शतकातल्या स्लोव्हेनियन मधपाळाच्या स्मरणार्थ संयुक्त राष्ट्रांनी २०१७ साली तो ठरवला. तिकडे त्या वेळी वसंत भरात असतो, म्हणून दिवस साजेसा आहे. आम्ही गटातली माणसं त्या दिवशी पेट्यांवरची पोती ओली करत फिरतो आणि मला तेही तितकंच साजेसं वाटतं.

गट म्हणजे वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडच्या चार-पाच गावांतली पेट्या ठेवणारी माणसं. संत्र्याचे बगीचेवाले, कोरडवाहू कापूस-तूर करणारे, बचत गटातल्या काही बाया, पोस्टातून निवृत्त झालेले एक काकाजी. बहुतेकांकडे सातेरी, म्हणजे आपली देशी पाळीव माशी, दोघा-तिघांकडे मेलिफेरा ही परदेशी जात. मध काढायचं एक यंत्र सगळ्यांत मिळून, एक जाडजूड वहीही सगळ्यांत मिळून. रविवारी पहाटे एकाच्या घरी जमायचं, ऊन चढायच्या आत त्याच्या सगळ्या पेट्या बघायच्या, मग चहा. पुढच्या खेपेला दुसऱ्याचं घर.

लोक विचारतात, पेट्या ज्याच्या त्याच्या, मग गट कशाला? याचं उत्तर माशीच देते. सातेरी चरायला एखाद किलोमीटर सहज जाते, मेलिफेरा त्याहून लांब. पेटीभोवती एक किलोमीटरचा फेरा धरला तरी त्यात पावणेआठशे एकर शिवार येतं. त्यात माझं वावर पाच एकर. म्हणजे माझी म्हणवली जाणारी माशी पाणी पिते दुसऱ्याच्या टाक्यावर, फूल हुंगते तिसऱ्याच्या बगीच्यात आणि फवाऱ्याने मरते चौथ्याच्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत. गाय खुंट्याला बांधता येते, माशीला दावं नाही. पेटी एकट्याला ठेवता येते, माशी ठेवता येत नाही. हे मला फुलोऱ्याच्या दिवसांत कधी कळलं नसतं. तेव्हा सगळीकडे सगळं असतं. मे-जूनमध्ये एकेका थेंबासाठी माशी कुणाकुणाच्या दारात जाते ते दिसतं, आणि मग आपण कुणाकुणाचे ऋणी आहोत तेही दिसतं.

पाण्यापासूनच सांगते. पेटीत पिलं असतात त्या भागाचं तापमान माशा ३४-३५ अंशांच्या आसपास राखतात. बाहेर ४६ झालं तरी आत तेवढंच लागतं, नाहीतर कोषातली पिलं दगावतात. मग काही कामकरी माशा मकरंद सोडून नुसतं पाणी आणायला लागतात. आणलेलं पाणी घरांच्या कडांवर थेंबाथेंबाने, पातळ पसरून ठेवतात आणि बाकीच्या पंखांनी वारा घालतात. पाणी उडतं, आत गार होतं. आपल्या घरातला कूलर याहून वेगळं काही करत नाही.

म्हणूनच तर त्या कूलरवर येतात. पहिल्या काही उन्हाळ्यांत आमच्या गटाची गावात सगळ्यांत मोठी अडचण होती ती ही. माझ्या घरामागच्या आजी एका दुपारी काठी टेकत आल्या. म्हणाल्या, "पोरी, तुह्या माश्या आमच्या कूलरवर काहून येऊन बसतेत वं? नातवाले डसली तं मंग?" त्यांचं काहीच चुकत नव्हतं. कूलरच्या ओल्या ताट्यांना माशा झोंबलेल्या होत्या, टाकीत पडून मेलेल्याही होत्या. माशीला एकदा पाण्याची एक जागा सवयीची झाली की ती सुटत नाही. शेजारी दुसरं भांडं भरून ठेवा, तिकडे ती ढुंकून बघत नाही. म्हणून पाणी ठेवायचं ते उन्हाळा लागायच्या आधी, शिवरात्रीच्या सुमारास, कूलर माळ्यावरून उतरायच्या आत. आता गटातल्या प्रत्येकाच्या पेट्यांपासून थोड्या अंतरावर सावलीत एक फुटका रांजण असतो. त्याच्या तळाच्या भोकातून पाणी झिरपतं, खाली पोतं, पोत्यावर खडे. आजींच्या अंगणात आता कधीतरी एखादीच माशी दिसते, आणि त्या रांजणात उरलंसुरलं पाणी स्वतः आणून ओततात.

या रांजणापाशी उकिडवं बसून माशी पाणी पिताना बघावी. ती स्वच्छ पाण्याच्या मधोमध येत नाही. पोत्याच्या ज्या कडेला हिरवट शेवाळ धरलेलं असतं, जिथे ओल आहे पण पाणी साचलेलं नाही, तिथे उतरते. पुढचे पाय रोवते, जिभेची नळी ओलीत खुपसते आणि पोट मागेपुढे सरकू लागतं. हळूहळू पोटाचे पट्टे एकमेकांपासून लांबतात, त्यांच्यामधली फिकट कातडी दिसायला लागते. मग उठताना अंग जड झालेलं असतं, सरळ वर न जाता ती आधी जरा खाली झुकते. मातीचा, शेवाळाचा, गोठ्यातल्या ओलीचा वास असलेलं पाणी तिला आवडतं, म्हणून हापशीभोवतीच्या चिखलावरही तुम्हाला माशा दिसतील. नळाचं निर्मळ पाणी ठेवून ती येत नाही म्हणून हिरमुसणाऱ्या नवख्यांना आम्ही सांगतो, भांडं घासू नका.

तसंच दुपारी पेटीच्या दाराशी. सातेरीच्या वारा घालणाऱ्या माशा तळपाटावर ओळीने उभ्या असतात, तोंड बाहेर, पाठ दाराकडे, म्हणजे त्या वारा आत ढकलतात. मेलिफेराचं उलटं. तिची तोंडं दाराकडे असतात, ती आतली हवा बाहेर ओढते. दोन्ही पेट्या शेजारी ठेवलेल्या असल्या की हे फार छान दिसतं. पेटीतली राणी न बघताही दारावरून सांगता येतं की आत कोण राहतं.

सावलीचं म्हणाल तर तुराट्यांच्या मांडवासारखी सावली नाही. पत्र्याखाली पेटी ठेवू नये, पत्रा तापून वरून भाजतो. संत्र्याच्या झाडाखाली चालतं, पण ओलिताच्या वेळी पेटीखालच्या तिवईचे पाय चिखलात रुतू नयेत म्हणून खाली सपाट दगड घ्यावा. पायांखाली पाण्याच्या वाट्या तर हव्याच, उन्हाळ्यात मुंगळ्यांनाही पेटीतल्याच ओलीचा आणि गोडाचा शोध असतो, आणि त्या वाट्या दोन दिवसांत सुकतात. मेण वितळतं बासष्ट-चौसष्ट अंशांना, पण चाळिशी ओलांडली की ते मऊ पडायला लागतं. मधाने भरलेलं नवं पांढरं पोळं अशा वेळी आपल्याच वजनाने चौकटीतून सुटून पडतं. जुनं, पिलांच्या कोषांनी काळं पडलेलं पोळं जास्त तग धरतं. म्हणून मे महिन्यात पेटी उघडायची ती सूर्य वर यायच्या आत, चौकट उभीच धरायची, आडवी करायची नाही आणि झाकण फार वेळ बाजूला ठेवायचं नाही. माशा टिपून खाणारा वेडा राघू तेव्हा तारेवर बसून असतोच. त्याला मी हाकलत नाही. सशक्त पेटीचं तो काही बिघडवू शकत नाही, आणि त्यालाही मे महिना काढायचा असतो.

खरा शत्रू मेणकिडा. त्याचा पतंग राखाडी, दिसायला गरीब, फटीत अंडी घालून जातो. अळ्या पोळ्याच्या आतून बोगदे करत जातात, मागे जाळं सोडतात, आणि बघता बघता अख्खी चौकट राखेच्या रंगाच्या कोळिष्टकात गुंडाळल्यासारखी होते. दाट माशा असलेल्या पेटीत त्याचं काही चालत नाही. उन्हाळ्याच्या शेवटी माशा कमी होतात, राणी अंडी घालणं आखडतं घेते, आठ चौकटींपैकी चारच चौकटींवर माशा उरतात आणि उरलेल्या चार मेणकिड्याला आंदण मिळतात. त्यावर औषध नको. माशा जेवढ्या झाकू शकतात तेवढीच पोळी आत ठेवायची, बाकीची काढून घ्यायची.

काढलेल्या पोळ्यांचं काय करायचं, याचा मात्र आमच्या गटात मोठा सोहळा असतो. एका भावांनी जुन्या खिडकीची काच आणि पत्र्याचं पिंप वापरून मेण वितळवायची सौर पेटी केली आहे. रविवारी सगळे आपापली काळी पोळी पोत्यात भरून आणतात. ती तोडून काचेखाली उतारावर पसरायची आणि घरात जाऊन बसायचं. ज्या उन्हाने पोळी खाली येतात, त्याच उन्हात दुपारी दोनपर्यंत खालच्या ताटलीत पिवळंधमक मेण उतरतं. विस्तव नाही, धूर नाही. फार जुन्या पोळ्यांतून मेण थोडंच येतं, कोषांचा चोथाच जास्त, पण ताटलीतली वडी थिजताना भोवती जो वास सुटतो त्याच्यासाठी गटातली पोरंटोरं ऊन विसरून तिथे घुटमळतात. त्या मेणाचे पुढे मेणपत्रे होतात, म्हणजे माशांनी नवं पोळं बांधावं म्हणून चौकटीत लावायचे पातळ पत्रे, थोडं बायांच्या मलमाला जातं.

सातेरीबद्दल एक गोष्ट मनाशी पक्की धरावी लागते. ती राहते ती तिच्या मर्जीने. ऊन, मुंग्या, मेणकिडा, उपासमार यांतलं काही सोसेना झालं की अख्खी वसाहत राणीसकट उठून जाते. अचानक जात नाही. आधी पराग आणणं थांबतं, मग अंडी दिसेनाशी होतात, असलेली पिलं बाहेर पडू दिली जातात, साठलेला मध खाऊन संपवला जातो. ज्याला चौकट वाचता येते त्याला हे आधी दिसतं. आमच्या वहीत म्हणूनच मधाच्या वजनापेक्षा अंड्यांच्या नोंदी जास्त आहेत. काकाजी चष्मा कपाळावर चढवून, चौकट उजेडाकडे तिरपी करून, घराच्या तळाशी उभं असलेलं तांदळाच्या कणीहून बारीक अंडं शोधतात आणि दिसलं की म्हणतात, "हाय. राहते हे." त्या पेटीचा मालक तेव्हा सुटकेचा श्वास सोडतो.

यातलंच एक म्हणजे शेवटचा मध न काढणं. करंजाचा मध एप्रिल-मेमध्ये येतो, तो माशीच्या पावसाळ्याच्या शिदोरीचा असतो. सातेरीची पेटी वर्षाला साधारण पाच ते दहा किलो मध देते, तेव्हा दोन किलो मागे सोडणं जिवावर येतं हे मला कळतं. पण जून-जुलैत झडीच्या दिवसांत माशी बाहेर पडू शकत नाही, तेव्हा तोच मध तिला तारतो. तो नसेल तर साखरेचा पाक द्यावा लागतो. एक किलो साखरेला एक लिटर पाणी, उकळून पूर्ण गार केलेलं, पेटीच्या आत, संध्याकाळी, वर काड्या टाकून, म्हणजे माशा बुडत नाहीत. गूळ नको, त्याने माशांना हगवण लागते. बाहेर थेंबही सांडू नये, नाहीतर शेजारच्या पेटीच्या माशा लुटायला येतात आणि कमजोर पेटीचं दार रणांगण होतं. दार बोटभर ठेवून बाकीचं बंद करणं हा त्यावरचा सोपा उपाय. फारच माशा कमी असल्या आणि राणी गेलेली असली, तर ती वसाहत दुसरीत मिसळायची. मध्ये वर्तमानपत्राचा एक कागद, त्याला सुईने भोकं, रात्रभरात माशा कागद कुरतडतात, तोवर वास एक झालेला असतो आणि भांडण होत नाही. मिसळताना कुणाची पेटी कुणाकडे जाणार हा प्रश्न येतोच. आमच्यात ठरलेलं आहे, दिवाळीनंतर वसाहत फुटायला आली की एक परत द्यायची. वहीत तसं लिहितो.

आमच्या तालुक्यात योजनेतून आलेल्या कितीतरी पेट्या आज रिकाम्या आहेत. कुणी त्यात बियाणं ठेवतं, कुणाच्या कोंबड्या त्यावर बसतात. माणसं आळशी होती असं मला वाटत नाही. पेटी मिळाली, दोन दिवसांचं प्रशिक्षण मिळालं, पण त्या प्रशिक्षणात आमचा उन्हाळा नव्हता. आपल्या राज्यात मध म्हटलं की महाबळेश्वर. तिथे मध संचालनालय आहे, जवळचं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव झालं, आणि तिथल्या माणसांनी हे शास्त्र जिवापाड जपलं आहे. पण तिथल्या माशीचा कठीण काळ म्हणजे पावसाचे महिने. आमच्या माशीला आधी भट्टीतून जावं लागतं आणि मग पावसातून. दिनदर्शिका तिकडची आणि माशी इकडची असं झालं, की पहिल्याच जूनमध्ये पेटी ओस पडते.

खरं तर आमच्या जिल्ह्याला हे नवं नाही. १९३४ साली गांधीजींनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ काढला, त्याचं ठाणं वर्ध्याची मगनवाडी. अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस होते. घाण्याचं तेल, हातकागद यांच्या जोडीने मधमाशीपालनही त्या कामात होतं. ग्रामोद्योग हा शब्द तेव्हा फार नेमका निवडला होता असं मला दर उन्हाळ्यात वाटतं, निदान माशीच्या बाबतीत तरी. पुढे दत्तपूरच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने आग्या मोहोळाचा मध मशाली न लावता, पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापून काढायला मध गोळा करणाऱ्यांना शिकवलं. पिलं वाचली की माशा तिथेच राहतात आणि पुन्हा मध भरतात. आमच्या गावच्या पाण्याच्या टाकीखाली आग्याची पोळी बसतात, तेव्हा ती जाळू नका हे सांगायला आता गटातली माणसं जातात. आग्याही त्याच रांजणावर पाणी पिते.

पाऊस लागला की एक काम संपतं आणि त्याहून अवघड काम समोर येतं. ते म्हणजे फवारणी.

पऱ्हाटीचं फूल पोळा सणाच्या आगेमागे जोरात असतं. पण कपाशीवर माशी फुलांच्या आधीच येते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. पानाच्या मागच्या बाजूला, मधल्या शिरेवर बारीकशी गोड ग्रंथी असते, तिच्यातून रस पाझरतो. त्यामुळे "अजून फूल नाही, फवारलं तर काय होते" हे म्हणणं खरं नाही. आणि डब्यावरचा रंगीत त्रिकोण माणसाला किती विषारी ते सांगतो, माशीला किती ते नाही. हिरवा त्रिकोण बघून निर्धास्त होऊ नये. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हापासून मास्क आणि हातमोज्यांबद्दल गावात थोडं तरी बोललं जातं. माशीबद्दल बोलणं त्याच बोलण्याला जोडून घ्यावं लागतं, वेगळं काढलं की कुणी ऐकत नाही.

यंदाच्या जूनच्या बैठकीत याच्यावर बराच वेळ गेला. संध्याकाळी, माशा घरी परतल्यावर फवारा, असं आम्ही नेहमी सांगतो. एका तरुण शेतकऱ्याने, तो गटातला नाही, उभं राहून विचारलं, "संध्याकाळी मजूर कोठी भेटते? अंधारात पऱ्हाटीत साप राहते, पंप पाठीवर घेऊन कोण जाईन?" त्याचं म्हणणं रास्त होतं. मजूर सकाळी येतात आणि उन्हाच्या आत परततात. माशीसाठी माणसाने सापाच्या तोंडी जावं असं मला कुणाला सांगता येणार नाही.

शेवटी असं ठरलं. ज्याला सकाळीच फवारायचं आहे त्याने आदल्या सायंकाळी फोन करायचा. त्या बाजूचे पेटीवाले पहाटे, माशा निघायच्या आत, दाराला बारीक जाळी लावतील, आत पाण्याने भिजवलेला स्पंज ठेवतील, वर ओलं पोतं टाकतील आणि उन्हं कलली की दार उघडतील. ऑगस्टच्या ढगाळ हवेत पेटी एवढा वेळ बंद राहू शकते, मे महिन्यात नाही. फोन करणाऱ्याच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पेरायला गट तिळाचं बी देईल, कारण ऑगस्ट-सप्टेंबरात तिळाच्या फुलावर माशी तुटून पडते. नाल्याच्या काठाला यंदा करंजासोबत अर्जुन आणि चिंच लावायची, म्हणजे मे-जूनच्या रिकाम्या दिवसांत पुढेमागे काहीतरी उभं राहील. त्या तरुणाच्या वावरापासून माझ्या पेट्या सर्वांत जवळ आहेत. त्याने तिथल्या तिथे माझा नंबर मोबाईलमध्ये टाकला, मी त्याचा घेतला, आणि काकाजींनी वहीत दोघांची नावं एका ओळीत लिहिली.